वसंतात झाडावर चढण्यापूर्वी

फाल्गुनात झाडांच्या साली कोरड्या असतात आणि सकाळची हवा सुखद असते, त्यामुळे दोराने झाडावर चढण्याचा छंद सुरू करण्यासाठी हा काळ योग्य आहे.

प्रथम झाडाची निवड करावी. शेवगा आणि पांगारा यांचे लाकूड ठिसूळ असते, काटेसावरीच्या खोडावर काटे असतात. म्हणून नवशिक्याने जुन्या, निरोगी आंब्यापासून किंवा चिंचेपासून सुरुवात करावी. बुंध्याशी उभे राहून दहा मिनिटे केवळ वर पाहावे आणि वाळलेल्या फांद्या, ढोली, खोडावरची अळिंबी, जवळून जाणाऱ्या विजेच्या तारा यांचा शोध घ्यावा. आग्या मोहोळ दिसले, तर ते झाड सोडून द्यावे. यात तडजोड नको. अंडी असलेले घरटे दिसले, तरीही तसेच करावे. आंब्यावर पाने जोडून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटीही खालूनच हेरावीत.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका अशा:

- हार्डवेअरच्या दुकानातील साधा नायलॉनचा दोर वापरणे. गिर्यारोहण साहित्याच्या दुकानातून कमी ताणला जाणारा, प्रमाणित दोर, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि हेल्मेट घ्यावे.
- बारीक फांदीवर भार टाकणे. फांदी जिवंत आणि किमान १५ सेंटिमीटर जाड असावी, दोर खोडालगत असावा, आणि चढण्यापूर्वी दोघांनी जमिनीवरून लोंबकळून ती तपासावी.
- वर पोहोचल्यावर क्षणभर दोरातून मोकळे होणे.

एकट्याने चढू नये. जाणकाराकडून दोन-तीन गाठी पक्क्या शिकून घ्याव्यात आणि पहिले काही दिवस जमिनीपासून दोन मीटरवरच उतरण्याचा सराव करावा. पुढचे तंत्र नंतर पाहू.