बक्षीस मिळालं, पण मार्कांचं काय?

लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांचे पालक माझ्याकडे हा प्रश्न घेऊन हमखास येतात: पोरगं प्रोजेक्टच्या नादी लागलंय, बंद करायला लावू का?

औशाकडचे एक शेतकरी बारावीतल्या मुलीला घेऊन आले होते. "मॅडम, राज्यात बक्षीस मिळालं, गावात सत्कार झाला, सगळं खरं. पण क्लासमधला नंबर पार खाली गेला. अन् ही अजून नळ्याच तपासायलीय!"

मुलगी मान खाली घालून गप्प. नळ्यांचं विचारलं तशी खुलली. घरच्या ठिबकावरची टोकाची टोमॅटोची झाडं कायम सुकायची. तिनं नळीवरच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोंडाखाली, डबे लावून पाणी मोजलं. ड्रिपर तासाला ४ लिटरचा. टोकाचा निम्मंही देईना. वडील म्हणत, प्रेशर कमी पडतंय. तिला मात्र गाळाचा संशय. वाटेतला प्रत्येक ड्रिपर आपला वाटा काढून घेतो, म्हणून नळीत पुढे पुढे पाणी मंदावतं आणि बारीक गाळ टोकाशी बसतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून प्रवाह पाहिला होता. हिनं पारदर्शक नळीत शाई सोडली: पाणी सावकाश असलं की सरळ रेघ, वेग वाढवला की रेघ विस्कटते. ऐकताना वडीलही खुर्ची पुढे ओढून बसले.

मग मी चाचण्यांचे पेपर मागवले. पालकांनी नुसती बेरीज बघू नये, विषयवार पेपर बघावेत, असं मी कळकळीनं सांगते. फिजिक्स उतरलंच नव्हतं. फ्लुइडचा धडा तर बारावीलाच आहे. केमिस्ट्री कोसळली होती. प्रदर्शनाच्या धावपळीत तास बुडाले, मधले धडे राहिले, आणि बक्षीस मिळवलेल्या मुलीला "सर, मला हे येत नाही" म्हणायची लाज वाटत होती.

जेईई, सीईटीत प्रोजेक्टला मार्क नाहीत, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. आधी केमिस्ट्रीचे राहिलेले धडे, नळ्यांना रविवारची सकाळ. परीक्षेपर्यंत नवीन स्पर्धा नको, हे तिचं तिनंच सुचवलं. मोजमापांची वही मात्र बंद करू नका, हा माझा आग्रह. वडिलांना तो अजून पुरता पटलेला नाही. पुढच्या चाचणीनंतर दोघं पुन्हा येणार आहेत.