वाचकांचे प्रश्न : विकायचं नाही, पण टिकवायचं आहे

या वेळी संकल्पनात्मक कला, म्हणजे वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व देणारी कला, करणाऱ्या, पण गॅलरी आणि लिलावाच्या वाटेला न जाणाऱ्या वाचकांचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझं काम म्हणजे भिंतीवर काढायच्या चित्राच्या लेखी सूचना. दुसऱ्या कुणी काढलं की दर वेळी काहीतरी चुकतं. सूचना आणखी सविस्तर लिहू का?

आधी ‘चुकणं’ कशाला म्हणायचं ते ठरवा. अमेरिकन संकल्पनात्मक कलावंत सॉल लेविट यांचं वॉल ड्रॉइंग ११८ (१९७१) बघा. सूचना एवढीच, की कडक पेन्सिलीने भिंतीवर पन्नास बिंदू वाटेल तिथे द्यायचे, पण ते सगळ्या भिंतीभर सारखे पसरलेले हवेत. मग प्रत्येक बिंदू प्रत्येकाशी सरळ रेषेने जोडायचा. ‘वाटेल तिथे’ आणि ‘सारखे पसरलेले’ यांची रस्सीखेच आहे, म्हणून प्रत्येक भिंत वेगळी दिसते. ही चूक नव्हे. काढणाऱ्याचा वाटा लेविट यांना मान्यच होता. पण एखादी रेषा राहून गेली, तर ती चूक.

आणि रेषा राहतातच, कारण त्या १२२५ होतात. उपाय सोपा आहे. बिंदूंशेजारी मास्किंग टेपच्या बारीक तुकड्यांवर १ ते ५० आकडे लिहून चिकटवा. १ पासून ४९ रेषा, २ पासून ४८, असं उतरत जा. ४९ पासून एकच उरते. एक बिंदू संपला की त्याच्या टेपवर खूण करा, सगळं झाल्यावर टेप काढा. पेन्सिल ६एच किंवा त्याहून कडक घ्या. २बीसारखी मऊ असली तर पट्टी सरकताना काजळी पसरते आणि खालची भिंत राखाडी होते. काम वरून खाली न्या, पट्टी वरचेवर पुसा. दोन तुकडे जोडलेली पट्टी टाळा, जोडावर रेषा हमखास मोडते.

तुमच्या सूचना तपासायच्या असतील तर त्या काम न पाहिलेल्या दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत द्या आणि तुम्ही गप्प बसा. त्यांच्या मनात आलेला प्रत्येक प्रश्न त्यांना लिहून ठेवायला सांगा. एकेक प्रश्न म्हणजे मजकुरातलं एकेक भोक. ते बुजवायचं की मुद्दाम ठेवायचं, हे तुमच्या हातात. ‘साधारण’, ‘योग्य’, ‘पुरेसं’ हे शब्द मात्र खोडाच. काम कधी संपलं म्हणायचं आणि नंतर भिंत रंगवून टाकायची का, या दोन गोष्टी बहुतेक जण लिहायला विसरतात.

प्रश्न : सूचना लिहिली, पण कुणी काम केलंच नाही, तर ती कलाकृती होते का?

होते. संकल्पनात्मक कलावंत लॉरेन्स वीनर यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं : काम कलावंत करील, दुसरं कुणी करील, किंवा ते करण्याची गरजही नाही.

प्रश्न : मी कामं विकत नाही, मित्रांना भेट देते. तरी कागदपत्रं लागतात का?

तुम्हालाच जास्त लागतात. फुकट दिलेली वस्तू उद्या लिलावात जाऊ शकते, आणि कागदपत्रांशिवाय भेट दिली असेल तर तुम्हाला बोलायला जागा राहत नाही. संकल्पनात्मक कलेची प्रदर्शनं भरवणारे सेथ सीगेलॉब यांनी वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांच्याबरोबर १९७१ मध्ये एक करारनामा तयार केला. पुनर्विक्रीत किंमत वाढली तर वाढीच्या १५ टक्के कलावंताला, आणि दर पाच वर्षांतून दोन महिने काम प्रदर्शनासाठी परत मागायचा हक्क. कलावंत हान्स हाके यांनी तो वापरला. त्याची कच्ची बाजू अशी, की पुढच्या प्रत्येक मालकाने सही केली तरच साखळी टिकते.

त्यामुळे निदान एका पानाचं प्रमाणपत्र द्या. त्यात कामाचं नाव, वर्ष, संपूर्ण सूचना, एका वेळी किती ठिकाणी करता येईल, हस्तांतर कसं आणि दोघांच्या सह्या. दोन प्रती करा, एक तुमच्याकडे ठेवा.

प्रश्न : वर्षभर रोज एकच कृती करणार आहे. पुरावा कसा ठेवू?

नियम पहिल्या दिवसाच्या आधी लिहा, मधे बदलू नका. कलावंत तेचिंग श्ये यांनी ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर दर तासाला हजेरीच्या घड्याळात कार्ड पंच केलं आणि दर वेळी फिल्मची एक फ्रेम घेतली. दिवसाच्या २४ फ्रेम म्हणजे पडद्यावर एक सेकंद. अख्खं वर्ष सहा मिनिटांत जातं. सुरुवातीला डोकं भादरलेलं होतं, म्हणून वाढणारे केस काळ दाखवतात. ८७६० पैकी १३३ पंच हुकले, आणि ते कारणांसह नोंदले : ९४ झोपेमुळे, २९ उशिरा, १० वेळेआधी. हुकलेल्यांची ही यादीच आम्हाला सगळ्यात भक्कम पुरावा वाटते. तुमचाही खाडा झाला तर मागून भरू नका, खाडा म्हणूनच लिहा.

पुरावा म्हणून ठेवाल ती तिकिटं-पावत्या बहुधा थर्मल कागदावर (उष्णतेने छापल्या जाणाऱ्या) असतात. उष्णतेने आणि उजेडाने त्या कोऱ्या होतात, तेव्हा त्याच दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स काढा. सेलोटेप पिवळी पडते आणि तिचा गोंद कागदात मुरतो, टाचण्या गंजतात. आम्लमुक्त कागद आणि पॉलिएस्टरचे पाकीट वापरा, पीव्हीसी नको. संगणकावरच्या फायलींची नावं वर्ष-महिना-दिवस अशी द्या, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी, आणि वर्षातून एकदा तरी उघडून बघा.

प्रश्न : गॅलरी नको, तर काम दाखवायचं कुठे?

जिथे ते घडतं तिथे. मिअर्ल लेडरमन यूकलीस १९७७ पासून न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात बिनपगारी कलावंत आहेत. १९७९-८० मध्ये त्यांनी सुमारे ८५०० सफाई कामगारांशी हात मिळवून प्रत्येकाचे आभार मानले. बिनपगारी राहायचं ठरवलंत तरी साहित्य आणि प्रवासाचा खर्च मात्र आधी लेखी मागून घ्या.

दुसरी जागा म्हणजे पुस्तिका. सीगेलॉब यांच्या १९६८ च्या ‘झेरॉक्स बुक’मध्ये सात कलावंतांना प्रत्येकी २५ पानं दिली होती. झेरॉक्स महाग पडली म्हणून शेवटी ते ऑफसेटवर छापलं गेलं, तेव्हा दर आधी काढा. पानं चारच्या पटीत हवीत. मधल्या घडीवर तीन भोकं पाडून दोऱ्याने शिवा. पानं वाढली की आतली बाहेर सरकतात, म्हणून मजकूर कडेपासून निदान १५ मिलिमीटर आत ठेवा आणि कडा शिवल्यानंतरच कापा.