रिकामी गाडी थरथरते, भरलेली नाही

प्रश्न : माझी पिकअप गळीत हंगामात कागल तालुक्यातील गुऱ्हाळावरून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गूळ वाहते. माल उतरवून हायवेने परतताना ताशी ६५ ते ८० किलोमीटरच्या दरम्यान सीटखालून बारीक थरथर सुरू होते आणि आरशात मागचे वाहन धड दिसत नाही. गाडी भरलेली असताना हा त्रास जवळजवळ नसतो. पुढचे दोन्ही टायर बदलले, दोनदा व्हील बॅलन्सिंग केले, तरी फरक नाही. हंगामाच्या तोंडावर मागच्या कमानींत (पाट्यांच्या स्प्रिंगांत) एकेक पाटा वाढवून घेतला होता. आता इंजिन उतरवावे लागेल, असे सांगितले जात आहे. काय करावे?
— एक वाचक, कागल

उत्तर : इंजिनाला तूर्त हात लावू देऊ नका. दुखणे कोठे आहे, ते आपल्या पत्रातच बरेचसे आले आहे.

पुढच्या चाकांचा दोष बहुधा स्टिअरिंगमध्ये जाणवतो. आपली थरथर सीटखालून येते. शिवाय ती बारीक आहे, आणि हा तपशील महत्त्वाचा आहे. पिकअपचे चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जाते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाला ते सेकंदाला सुमारे ९ वेळा फिरते आणि हे हेलकावे जवळजवळ मोजता येतील इतके जाड असतात. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरती ताकद नेणारा लांब दांडा, मात्र डिफरन्शियलच्या (मागच्या अॅक्सलवरील गिअरपेटीच्या) गुणोत्तरामुळे त्याच वेगाला चाकाच्या जवळपास चौपट, म्हणजे सेकंदाला ३६ च्या आसपास फिरतो. त्याच्या टोकांच्या सांध्यांचा, म्हणजे क्रॉसचा, कोन बिघडला, तर प्रत्येक फेऱ्यात दोन झटके बसतात आणि ते थरथरीसारखे, थोडेसे गुणगुणल्यासारखे जाणवतात.

आता पाट्याकडे येऊ. पाटा वाढवल्यामुळे रिकाम्या गाडीचा मागचा भाग उचलला जातो, डिफरन्शियलचे तोंड आणि शाफ्ट यांच्यातील कोन बदलतो. माल भरला की कमान बसते आणि कोन पुन्हा जागेवर येतो. भरलेली गाडी शांत का चालते, याचे याहून सरळ उत्तर मला दिसत नाही. (जादा पाटा म्हणजे जादा माल वाहण्याचा परवाना नव्हे, पण तो विषय वेगळा.)

खात्रीसाठी एक चाचणी करा. सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर, घाटात कदापि नव्हे, थरथर सुरू होताच गाडी न्यूट्रल करा. इंजिन मात्र चालूच ठेवा, कारण ते बंद झाल्यास ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. वेग तोच असताना थरथर तशीच राहिली, तर इंजिन आणि क्लच संशयातून सुटले.

त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून गाडी सरकू नये म्हणून चारी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि इंजिन बंद असताना खाली जाऊन शाफ्ट हाताने उलटसुलट पिळून पाहा. क्रॉसपाशी ढिलाई जाणवली किंवा त्याच्या टोप्यांभोवती गंजाची तांबूस पूड दिसली, तर क्रॉस बदलावा लागेल. शाफ्ट दोन तुकड्यांचा असल्यास सेंटर बेअरिंगचे रबर फाटले आहे का, तेही पाहा. गुऱ्हाळाच्या रस्त्यावरचा वाळलेला चिखल शाफ्टवर आणि मागच्या रिमच्या आतल्या बाजूस चिकटून राहतो; तेवढ्यानेही तोल जातो, म्हणून तो आधी खरवडून काढा.

ढिलाई कोठेच नसेल, तर वाढवलेले पाटे काढून एक रिकामी फेरी मारा. थरथर थांबली, तर निदान पक्के झाले. पाटे ठेवायचेच असतील, तर अॅक्सल आणि कमान यांच्यामध्ये योग्य मापाची पाचर बसवून कोन सुधारता येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील लेथवर ती सहज करून मिळेल, पण कोन मोजल्याशिवाय अंदाजाने बसवू देऊ नका.

शाफ्ट उतरवावा लागलाच, तर त्याच्या सरकत्या (खाचांच्या) जोडाच्या दोन्ही बाजूंवर रंगाची खूण करायला मिस्त्रींना आवर्जून सांगा. जोड एक-दोन खाचांनी जरी चुकीचा बसला, तरी दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि नवे क्रॉस टाकूनही हीच थरथर परत येते.