दाण्यांआधी पाणी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परसात दाण्यांचं भांडं टांगायची तुझी घाई कळते, पण आधी पाणी ठेव. दाणे टिपणारे पक्षी मोजकेच. किड्यांवर, फळांवर जगणारे दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत; पाणी मात्र बहुतेकांना लागतं, प्यायला आणि अंघोळीला.

भांडं पसरट, मातीचं घे. खरखरीत तळावर पाय घसरत नाहीत. काठाशी पाणी दोन सेंटिमीटर, मधोमध फार तर पाच. भांडं खोल असेल तर मधे चपटा दगड ठेव. जागा झुडपापासून दोन-तीन मीटरवर हवी. अगदी खेटून ठेवलंस तर मांजर दबा धरतं, फार लांब ठेवलंस तर भिजल्या पंखांनी आडोसा गाठणं जड जातं.

पाणी रोज ओतून टाक. डासाला अंड्यातून उडता व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, तेवढी सवड द्यायचीच नाही. शेवाळ कडक ब्रशने घास. साबण नको; त्याचा अंश राहिला तर पिसांवरचं तेल जातं आणि पिसं पाणी धरू लागतात.

वर एक बाटली टांगून बुडाला सुईने भोक पाड. सेकंदाला एक थेंब पडला की पुरे. हलणारं पाणी पक्ष्यांना लांबून कळतं.

पहिल्या आठवड्यात कुणी फिरकलं नाही तरी भांडं हलवू नकोस. बहुतेकांचं इथेच चुकतं. पक्षी नवी वस्तू आधी दुरून पारखतात आणि जागा बदलली की त्यांची पारख पुन्हा पहिल्यापासून.

मग एखादी चिमणी येईल तेव्हा नीट बघ. आधी काठावर बसून चोच बुडवेल, मान वर करून चहूकडे बघेल. मग पोटापर्यंत पाण्यात उतरेल, पंख फडफडवून पाणी पाठीवर घेईल आणि फांदीवर जाऊन एकेक पीस चोचीतून ओढत बसेल. ती उडाल्यावरच वही उघड. कुठलाही पक्षी असो, चिमणीपेक्षा लहान की मोठा, चोच कशी, शेपटी हलवतो का, हे आधी लिही, पुस्तक नंतर. पुस्तक आधी उघडलं की डोळ्यांना त्यातलंच चित्र दिसायला लागतं.

दाणे ठेवशील तेव्हा संध्याकाळपर्यंत संपतील इतकेच ठेव. उरलेल्यांना बुरशी येते, उंदीर येतात. पाव आणि खारट काही नको. पिसं फुगवून मलूल बसलेला पक्षी दिसला तर दाणे-पाणी दोन आठवडे बंद कर. भांडी एक भाग ब्लीच, नऊ भाग पाण्याने धू, खळखळून विसळ, उन्हात वाळव.

खिडकीच्या काचेवर बाहेरून पाच-पाच सेंटिमीटरवर पट्ट्या चिकटव. काचेतल्या प्रतिबिंबात पक्ष्याला झाड दिसतं आणि तो थेट आदळतो.

एक सांभाळ. चोचीत किडा धरून एखादा पक्षी ओरडत राहिला, पण खाली उतरेना, तर घरटं तुझ्या जवळच आहे. दहा-बारा पावलं मागे हो आणि त्याला वाट दे. पिल्लं खोळंबली असतील.

तुझा,
काका