वजन हलत नाही, तरी चालायचं का?

प्रश्न : डॉक्टर, वय ४६, राहायला भांडुपला, ऑफिस फोर्टला. कंबर ९८ सेंटीमीटर, बीपी आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) दोन्ही जास्त, मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे असे बिघाड एकत्र, आहे म्हणाले. कधीपासून रोज चालतोय पण वजन आहे तिथेच, मग उपयोग काय?

उत्तर : अहो, उपयोग आहे आणि चांगलाच आहे, फक्त तो काट्यावर दिसत नाही. पोटावर चरबी वाढली की बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, ते नायट्रिक ऑक्साइड हा वाहिन्या सैल करणारा वायू कमी बनवतं (रक्तवाहिन्यांतल्या याच्या कामाच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालंय), मग त्या वाहिन्या हव्या तेव्हा नीट सैल होत नाहीत आणि जेवणानंतर इन्सुलिन स्नायूंपर्यंत पुरेसं पोचत नाही, म्हणून रक्तात साखरही रेंगाळते. भरभर चालताना रक्त जोरात वाहतं, अस्तराला घासत जातं आणि त्या घासण्यानेच नायट्रिक ऑक्साइड जास्त बनायला लागतं. नियमित केलं तर स्नायूंत नव्या केशवाहिन्याही फुटतात. हा फायदा वजन न उतरताही होऊ शकतो, आणि काटा बघून लोक चालणं सोडतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आठवड्याला १५० मिनिटं तरी हवीत, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. सीएसएमटीला उतरून शेअर टॅक्सी न करता चालतच ऑफिस गाठा, शिवाय आठवड्यातून दोन दिवस उठाबशा वगैरे. मध्येच सोडलंत तर फायदा काही आठवड्यांत ओसरतो. बीपीच्या गोळ्या मनाने बंद करू नका, आणि चालताना छातीत दाटून आलं तर थांबा आणि लगेच दाखवा.