ओळखीची रिंगटोन वाजली की पोटात गोळा का येतो?

तुमचा प्रश्न असा की नोकरी सोडून दोन वर्षं झाली तरी बसमध्ये कुणाच्या तरी फोनवर जुन्या मॅनेजरची रिंगटोन वाजली की पोटात गोळा येतो, तळहात ओले होतात, फोन आपला नाही हे कळत असतं तरी होतंच, तर डोक्यात काही बिघाड आहे काय. बिघाड नाही हो. माझंच सांगते.

मी मूळची निपाणीची, आता बेळगावात पीयू कॉलेजला, म्हणजे अकरावी-बारावीला, बायॉलॉजी शिकवते. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. संध्याकाळी घरी आली की आधी उंबऱ्याबाहेर उभं राहून पदर झटकायची, तो धुरळा नाकात गेला की आमचा घसा खवखवायचा, शिंका यायच्या, आणि मग आत येऊन पदराची गाठ सोडली की त्यातनं चुरमुऱ्याची पुडी निघायची, पगाराच्या दिवशी फुटाणे पण. त्या चुरमुऱ्याला सुद्धा तंबाखूचा वास असायचा बघा. आज मी पंचेचाळिशीची, आईचं वखारीला जाणं बंद होऊन किती वर्षं झाली, खरं निपाणीजवळच्या तवंदी घाटात तंबाखूची पोती भरलेला ट्रक पुढं लागला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. नवरा बेळगावातल्या वडगावचा, तो गपकन काच वर करतो. लग्नानंतर पहिल्यांदा निपाणीला आला तेव्हा वखारीच्या दारात दहा मिनिटं उभा राहिला आणि डोकं धरून खालीच बसला. आता यात थोडं केमिस्ट्रीचं पण आहे, तंबाखूतलं निकोटिन नाकातनं, कातडीतनं सुद्धा आत जातं, ओल्या पानांची तोडणी करणाऱ्या बायकांना मळमळ, चक्कर, उलटी होते ती त्यामुळंच, त्याला आठवणीबिठवणीची गरज नाही. पण माझ्या तोंडाला पाणी? ते निकोटिननं नाही, ते त्या गाठीनं.

हे पहिल्यांदा नीट मोजून ठेवलं ते रशियाच्या पावलॉव्हनं. माणूस खरा पचनावर काम करत होता, 1904 चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. कुत्र्यांची लाळ मोजता मोजता लक्षात आलं की खायला घालणारा माणूस नुसता दिसला तरी कुत्री लाळ गाळतात, अन्नाचा पत्ता नसताना. मग त्यानं मेट्रोनोमची, म्हणजे ताल धरायच्या यंत्राची, टिकटिक लावली, लगेच खायला दिलं, असं पुन्हा पुन्हा केलं, शेवटी नुसत्या टिकटिकीवर लाळ यायला लागली. वर्गात हे शिकवताना मी दरवेळी पदराची गोष्ट सांगते आणि पोरं माझ्याकडं बघून हसतात, मॅडम म्हणजे पावलॉव्हचं कुत्रं.

वासाचं तर अजून एक वेगळंच आहे. डोळ्याचा, कानाचा निरोप मेंदूत थॅलॅमस नावाच्या स्टॉपवर थांबून पुढं जातो. वासाचा निरोप तिथं न थांबता जवळजवळ थेट अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसकडं, म्हणजे भीती-भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडं पोचतो. निपाणीहून बेळगावला बाकीची इंद्रियं संकेश्वर, हत्तरगी करत येतात असं समजा आणि वास नॉनस्टॉप. म्हणून वासानं आधी भरून येतं आणि कशानं ते मागनं कळतं.

तुमचं प्रकरण आवाजाचं, आणि चिकटलेली गोष्ट चुरमुरे नाही तर बोलणी खाणं. तेही माझ्याकडं आहे. 2019 च्या ऑगस्टात बेळगावात पाऊस कसा झाला ते इथल्या माणसाला सांगायला नको, तेव्हा आम्ही शहापूरकडं सखल जागेत भाड्यानं होतो. रात्रभर पत्र्यावर ताडताड चालू होतं, अडीच-तीनला पाय खाली टाकला तर घोट्याइतकं पाणी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात पोरगीची पुस्तकं आणि माझी सर्टिफिकेटं. आता आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, पाणी यायचा काही संबंध नाही, तरी रात्री शेजारच्या पत्र्यावर पाऊस आपटायला लागला की मी उठून बसलेली असते, काळीज धडधडत असतं, आणि कशासाठी उठलो हे कळायच्या आधी पाय फरशी चाचपत असतो. फरशी कोरडी. आणि गंमत बघा, पोरगी तेव्हा पाच वर्षांची, तिला बापानं खांद्यावर घालून वर मालकीणकाकूंकडं नेलं, तिथं सगळी पोरं एका गोधडीत, बिस्किटं, गोष्टी. तिला पत्र्यावरचा पाऊस ऐकला की मस्त झोप लागते! रात्र एकच, पाऊस एकच.

शरीरात काय होतं ते थोडक्यात. अमिग्डालाला धोका वाटला की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला खबर जाते, तिथनं नसांमार्फत किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना, आणि अॅड्रिनलिन रक्तात. ठोके वाढतात, लिव्हर साखर सोडतं, पोटाकडचं रक्त कमी करून हातापायाच्या स्नायूंकडं वळवलं जातं, तुमचा पोटातला गोळा म्हणजे यातलाच भाग. लढा नाहीतर पळा म्हणतात ते हेच, हार्वर्डच्या वॉल्टर कॅननचं काम, 1915 च्या सुमाराचं. आणि हा फोन आपला नाही असा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग सावकाश येतो, तोवर तळहात भिजलेले असतात. म्हणून स्वतःला समजावून उपयोग होत नाही, मीही फरशीवर उभं राहून स्वतःला लेक्चर दिलंय, काळीज ऐकत नाही. आपल्या भाषेत बघा ना, काळजात धस्स, अंगावर काटा, हातपाय गार, भीतीचं सगळं अंगावरच सांगतात आपल्याकडं, उगाच नाही.

मग करायचं काय? पावलॉव्हनंच पुढं बघितलं होतं की टिकटिक वाजवत राहायची पण खायला द्यायचं नाही, तर लाळ हळूहळू बंद होते. खरं काही दिवसांचा खंड पडला की परत थोडी येते. म्हणजे जुनं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं बसतं. मी काय केलं, दिवसा पाऊस आला की मुद्दाम खिडकीत चहा घेऊन बसायला लागले, पोरगीला शेजारी घेऊन, आणि श्वास आत घेतो त्यापेक्षा बाहेर सोडताना जास्त वेळ घ्यायचा, त्यानं व्हेगस नर्व्हमार्फत, म्हणजे मेंदूतनं हृदयाकडं जाणाऱ्या नर्व्हमार्फत, ठोके खाली येतात, हे आपल्या हातात आहे. दोन पावसाळे गेले, आता दचकते पण परत झोपते.

तुम्हाला झोपच लागत नसेल, तो माणूस डोळ्यापुढं येत असेल, त्या भीतीनं बसच टाळत असाल तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, आमच्या बाजूचे लोक धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आजारांच्या हॉस्पिटलला पण जातात, त्यात लाजायचं काही नाही.

एवढं नसेल तर एक करून बघा. तीच रिंगटोन शोधा आणि ज्या माणसाचा फोन आला की तुम्हाला बरं वाटतं त्याच्या नंबरला लावा, आवाज बारीक ठेवून. माझ्या कॉलेजातल्या एका मॅडमनी मावशीच्या नंबरला लावली होती. पहिले पंधरा दिवस मावशीवरच चिडचिड करायच्या, ही कशाला एवढा फोन करती म्हणून.