‘माझ्यामुळे आजीला झालं तर?’

‘शाळेत पाठवलं आणि तिथून काही घरी आलं तर?’ २०२१ च्या अखेरीस हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालकाच्या तोंडी होता. २०२५ च्या मे महिन्यात करोनाचे रुग्ण पुन्हा वाढत असल्याच्या बातम्या आल्या, त्याही नेमक्या शाळा उघडण्याच्या तोंडावर, आणि तोच प्रश्न परत समुपदेशक म्हणून माझ्याकडे येऊ लागला. आईबाबांचं म्हणणं साधारण एकच असतं: बुडालेला अभ्यास भरून काढता येईल, गेलेलं माणूस कुठून आणायचं? घरात आजी-आजोबा असतील तर हे वाक्य आणखी कळवळून येतं. अशा वेळी मी बहुधा एका कुटुंबाची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सई तेव्हा पुण्यात चौथीत होती. दुसरीची वार्षिक परीक्षा न देताच ती तिसरीत गेली होती आणि तिसरी अख्खी मोबाइलवर झाली होती. राज्यानं १ डिसेंबर २०२१ पासून लहान मुलांचे वर्गही भरवायला परवानगी दिली. ओमायक्रॉन या करोनाच्या नव्या प्रकाराच्या धास्तीनं पुण्यात ते थोडं लांबलं आणि पहिली ते सातवीचे वर्ग १६ डिसेंबरला सुरू झाले. सईच्या वर्गातली बहुतेक मुलं पहिल्याच आठवड्यात आली. सई आली नाही. आईनं शाळेचं संमतीपत्र सही न करता कपाटाच्या खणात ठेवून दिलं होतं. वर्गशिक्षिकेनं दोन-तीनदा फोन केला, मग माझं नाव सुचवलं.

आई पतसंस्थेत कामाला, बाबा चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. घरात आजी, मधुमेहाच्या. आजोबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. ऑक्सिजनच्या बेडसाठी रात्रभर केलेले फोन, रेमडेसिव्हिरसाठी लावलेल्या रांगा, शेवटी लांबूनच घेतलेलं दर्शन. त्या महिन्यात पुण्यातल्या किती घरांत हेच घडलं, ते वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. आई म्हणाल्या, “मॅडम, मला शाळेचं वावडं नाही हो. पण आता आजींना काही झालं तर मी ह्यांना तोंड कसं दाखवू?”

त्यांना वाटत होतं, भीती त्यांचीच आहे आणि सई घरात मजेत आहे. मुलगी तक्रार करत नव्हती, हट्ट करत नव्हती, खाली खेळायला जायचंही म्हणत नव्हती. ‘फार समजूतदार झालीये,’ असं सगळेच म्हणत. नऊ वर्षांचं मूल दीड वर्ष घरात बसून एकदाही हट्ट करत नसेल, तर मला ते समजूतदारपणाचं लक्षण वाटत नाही, काळजीचं वाटतं.

सईला मी एकटीलाच आत घेतलं. दोन मास्क एकावर एक लावलेले. बोटांची पेरं कोरडी पडून चिरली होती, दोन ठिकाणी रक्त येऊन खपली धरलेली. मी अभ्यासाचं, शाळेचं काहीच विचारलं नाही. “सकाळपासून काय काय करतेस, ते सांग,” एवढंच म्हटलं. ती हळूहळू सांगायला लागली. ती आता हॉलमध्ये झोपते. आजीच्या तांब्याला हात लावत नाही. आजीच्या गोळ्या द्यायचं काम तिचं, म्हणून गोळ्यांचा डबा ती आजीच्या खोलीबाहेरच्या स्टुलावर ठेवते, दार वाजवते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत मागे जाऊन उभी राहते. आजी बाहेर आली, डबा घेतला, दार लागलं, की मग हात धुवायचे.

“हे नियम कुणी केले?”

“मीच.”

“का गं?”

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “आजोबांना माझ्यामुळे झाला.”

मार्च संपता संपता सईला दोन दिवस कणकण होती. त्यानंतर आठवड्यानं आजोबा आजारी पडले. पुढं कधीतरी आत्या फोनवर बोलताना म्हणाली, “पोरं खाली खेळायला जायची ना, तिथूनच आला असणार.” आत्याच्या मनात काही नव्हतं, दुःखात माणूस कारण शोधतंच. सई मात्र त्या वेळी सोफ्यामागे बसून चित्र रंगवत होती. त्यात घरात रोज म्हटलं जाणारं वाक्य होतंच: “खाली गेलीस तर आजीला होईल हं!” पोरीनं दोन्हीची सांगड घातली आणि आजीच्या जिवाची राखण स्वतःकडे घेतली.

मी लगेच ‘नाही गं, असं काही नसतं’ म्हटलं नाही. मुलं असं वाक्य ऐकून मान हलवतात आणि मनातलं मनातच ठेवतात. मी तिच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटलं, “त्या आठवड्यात घरातलं कोण कोण कुठं कुठं गेलं होतं, आठवेल तेवढं लिही.” तिनं आधी स्वतःचं लिहिलं: पार्किंगमध्ये सायकल. मग बाबा: चाकण, कंपनीची बस. आई: पतसंस्था. आजी: बँक, पेन्शन. आजोबांपाशी ती थांबली आणि मग लिहीत गेली: दूध, भाजी, देऊळ, केस कापायला, एका मित्राच्या दहाव्याला. कागद भरला. मी विचारलं, “मग यातून कुठून आला असेल?” तिनं दोनदा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. “कळतच नाही.” “डॉक्टरांनाही कळत नाही,” मी म्हटलं. “आणि समजा कळलं असतं, तरी आजारी पडणं हा कुणाचा गुन्हा नसतो.” ती रडली. चांगलं झालं, रडायलाच हवं होतं.

तो कागद मी तिच्या संमतीनं आईबाबांना दाखवला. मुलीच्या मनात हे आहे, याची कल्पना दोघांनाही नव्हती. बाबा कितीतरी वेळ आजोबांच्या नावापुढची यादी बघत राहिले. मग मी त्यांना कागदातली दुसरी गोष्ट दाखवली. घरातली दोन मोठी माणसं रोज बाहेर जात होती, येत होती, जाणं भागच होतं. कोंडून ठेवलेली होती ती फक्त सई. म्हणजे घराचं दार तसं उघडंच होतं, बंद होती ती मुलीची शाळा.

देशपातळीवरचं चित्रही हेच सांगत होतं. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, जून-जुलै २०२१ मध्ये चौथं सीरो सर्वेक्षण केलं, म्हणजे संसर्ग किती जणांना होऊन गेला ते रक्त तपासून पाहिलं. त्यात सहा ते नऊ वर्षांच्या ५७ टक्क्यांहून अधिक आणि दहा ते सतरा वर्षांच्या ६१ टक्क्यांहून अधिक मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रथिनं, सापडली. तेव्हा या वयाला लस नव्हती आणि शाळा बहुतांश बंद होत्या. तरीही निम्म्याहून जास्त मुलांना विषाणू गाठून गेला होता, आणि बहुतेकांना कळलंही नव्हतं. हे निष्कर्ष सांगतानाच आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी म्हटलं होतं, की शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून सुरुवात करणं शहाणपणाचं, मात्र शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचं लसीकरण आधी व्हायला हवं. डेन्मार्कनं तर १५ एप्रिल २०२० लाच धाकट्या मुलांचे वर्ग सुरू केले होते, लहान लहान गट करून आणि जमेल तेवढं उघड्यावर शिकवून. आपल्याकडे उलटं झालं. मॉल आणि हॉटेलं आधी उघडली, पहिलीचा वर्ग सगळ्यात शेवटी. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या पुण्यातल्या मुलानं वर्गात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा ते दुसरीत होतं. मला याचं आजही फार वाईट वाटतं.

‘अभ्यास भरून काढता येईल’ हेही तितकंसं सोपं नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठानं जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या दुसरी ते सहावीच्या मुलांची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण निष्कर्ष आपल्यालाही लागू पडावेत असेच होते. ९२ टक्के मुलं भाषेतलं आदल्या वर्षी येत असलेलं किमान एक कौशल्य गमावून बसली होती, गणितात हे प्रमाण ८२ टक्के होतं. म्हणजे पुढचं राहिलं एवढंच नव्हे, मागचंही सुटलं. सईला मी एक परिच्छेद वाचायला दिला, तेव्हा ती जोडाक्षरांपाशी अडत होती. दुसरीत ती घडाघडा वाचायची.

तरीही ‘धोका नाही, पाठवा बिनधास्त’ असं मी म्हटलं नाही. धोका होता. फक्त तो कमी करण्याचं काम नऊ वर्षांच्या मुलीचं नव्हतं, मोठ्यांचं होतं. कुणी काय करायचं, ते आम्ही वाटून घेतलं.

पहिलं काम आजींचं निघालं. त्यांनी मार्चमध्ये लसीचा पहिला डोस घेतला होता, दुसरा राहिलाच होता. आजोबांनीही पहिला डोस घेतला होता. “ते लस घेऊन गेलेच ना, मग उपयोग काय?” असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. हा माझा प्रांत नव्हे. मी त्यांना त्यांच्या फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. एका डोसनं मिळणारं संरक्षण अपुरं असतं, हे त्यांनी नीट समजावलं, साखरही तपासली. आठवडाभरात दुसरा डोस झाला.

दुसरं काम शाळेचं. मुख्याध्यापिकांनी मला वर्ग बघायला बोलावलं. दारात थर्मल गन, सॅनिटायझर, जंतुनाशकानं दोनदा पुसलेली बाकं, सगळं चोख. पण वर्गाच्या अर्ध्या खिडक्या लोखंडी कपाटाआड गेलेल्या आणि दारावरचा झरोका रंगात चिकटून बंद झालेला. हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, बाकावरून कमी. म्हणून खरा प्रश्न हवेचा होता. शिपाईमामांनी एक उदबत्ती पेटवून वर्गाच्या मधोमध धरली. धूर सरळ वर जाऊन तिथंच रेंगाळत राहिला. मग कपाट व्हरांड्यात गेलं, झरोक्याचा रंग खरवडला, समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या. पुन्हा उदबत्ती धरली तर धूर झपकन आडवा होऊन झरोक्याकडे निघाला. सईच्या आई हे बघायला आल्या होत्या. आकडेवारीनं जे झालं नव्हतं, ते त्या धुरानं झालं. एका बाकावर एक मूल, अर्धी मुलं आज आणि अर्धी उद्या, डबा वर्गात न खाणं हे शाळा करतच होती. बाईंचे दोन्ही डोस झाले आहेत का, हेही आईंनी थेट विचारलं. त्यात संकोच कसला? विचारायलाच हवं.

तिसरं काम घरातल्या बोलण्याचं, आणि ते सगळ्यात अवघड गेलं. ‘तुझ्यामुळे आजीला होईल’ हे वाक्य बंद करायचं ठरलं. बाबा म्हणाले, “मग तिला हात धुवायला सांगायचं तरी कसं?” मी म्हटलं, “‘हात धुऊन ये’ असं सांगायचं. तेवढं पुरतं.” काम सांगावं, परिणामाची धमकी मुलाच्या गळ्यात बांधू नये. आजी म्हणाल्या, “माझं काय, माझं आता वय झालं. पोरीनं जावं शाळेला.” माया होती त्यात, पण मी त्यांनाही थांबवलं. हे ऐकून सईला वाटणार, की आजी तिच्यासाठी मरायला तयार आहे. त्याऐवजी त्यांनी तिला म्हणावं, “मी औषध घेते, लस घेतलीये, माझी काळजी मी आणि डॉक्टर घेतो.” आजींनी ते जसंच्या तसं पाठ केलं आणि गोळ्यांचा डबा स्वतःच्या उशाशी ठेवायला सुरुवात केली.

नाताळच्या सुट्टीआधी सई शाळेत गेली. पहिल्या दिवशी तासभरच, आई फाटकाबाहेर थांबली. दुसऱ्या दिवशी पूर्ण वेळ.

आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात शाळा पुन्हा बंद झाल्या. ओमायक्रॉनची लाट आली होती. त्याच महिन्यात सईच्या घरातही ताप शिरला. आधी बाबा, मग आई, मग सई, शेवटी आजी. आजींना तीन दिवस ताप आणि घसा, ऑक्सिजन नीट राहिला, घरीच बऱ्या झाल्या. आईंचा मला घाबऱ्या घाबऱ्या फोन आला, तो आजींच्या तब्येतीसाठी नव्हता. सईनं विचारलं होतं, “मी आणला का?” काय सांगितलंत, मी विचारलं. आई म्हणाल्या, “आजीच बोलल्या. म्हणाल्या, ‘कागद आण, लिहूया कोण कुठं गेलं ते.’ अर्धवटच लिहिला आणि दोघी पत्ते खेळत बसल्या.”

फेब्रुवारीत शाळा भरली तेव्हा संमतीपत्र मागायच्या आतच सही करून आलं. हातांची पेरं भरून यायला मात्र उन्हाळा लागला. दर आठवड्याला ‘दिवसातून किती वेळा हात धुतले’ हा आकडा आम्ही थोडा थोडा खाली आणत होतो.

आता हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना मी आधी विचारते, मूल काय म्हणतंय? बहुतेकांनी विचारलेलं नसतं. मग म्हणते, शाळेत जा आणि खिडक्या बघा. दम्याचा किंवा दुसरा जुना आजार मुलाला असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. घरातल्या ज्येष्ठांची औषधं आणि लसी वेळेवर ठेवा. शाळांना माझी एक कळकळीची विनंती असते: शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. त्या बक्षिसापायी अंगात ताप असलेली मुलं पॅरासिटामॉल घेऊन वर्गात बसतात, आणि पालकांनाही सुट्टी काढायला नको असते. म्हणून आईबाबांनी जूनमध्येच ठरवून ठेवावं, की मूल वर्गात तापलं तर दुपारी न्यायला कोण येणार, आणि त्या माणसाचा फोन नंबर पहिल्याच दिवशी वर्गशिक्षिकेकडे द्यावा.